मृदंगाशेजारी ठेवून पारखलेला झूम एच-५ रेकॉर्डर

गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव. आमच्या या गोदाकाठच्या पट्ट्यात सप्ताह होत नाही असं गाव शोधूनही सापडायचं नाही. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी गाथाभजन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काला. मी मृदंग वाजवतो. मांडवात बसून जे कानावर पडतं ते तसंच्या तसं टिपून ठेवावं ही माझी जुनी हौस. त्यासाठी मी जो रेकॉर्डर वापरतो त्याबद्दल आमच्याकडचे टाळकरी, गायनाचार्य, यूट्यूबवर कीर्तनं टाकणारी पोरं सारखं विचारत असतात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो. खोक्यावर छापलेले गेन, फँटम, पॅड, लो-कट, लिमिटर हे शब्दही वाटेत उलगडत जाईन. ते कळले नाहीत तर हे यंत्र घेऊन मोबाइलपेक्षा फार वेगळं काही हाती लागणार नाही.

यंत्राचं नाव झूम एच-५. व्हिडिओ कॉलवालं झूम वेगळं. ही जपानची कंपनी, वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवते. एच-५ बाजारात आला २०१४ साली. एका हातात धरता येतो, वजन पाव किलोच्या थोडं वर, आणि दोन पेन्सिल सेलवर चालतो. डोक्यावर दोन छोटे माइक आणि खालच्या अंगाला बाहेरचे माइक किंवा मिक्सरची (साउंडवाल्याची, सगळे माइक एकत्र करणारी पेटी) तार लावायला दोन भोकं. म्हणजे एका वेळी चार ट्रॅक, आवाजाचे चार सुटे पदर, वेगवेगळे रेकॉर्ड होतात. सप्ताहासाठी मी हेच यंत्र का धरून बसलोय त्याचं निम्मं उत्तर या चार ट्रॅकमध्ये आहे.

आधी मोबाइलचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच असतो. मोबाइल आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करत राहतो. चाळीस टाळ एकदम वाजले की तो सगळंच दाबतो, त्यात गाणाराही खाली जातो. टाळ थांबले की तोच मोबाइल पातळी वर उचलतो, आणि मांडवातल्या पंख्याची घरघर पुढं येते. घरी जाऊन ऐकाल तर अभंग दर मिनिटाला श्वास घेतल्यागत वरखाली होताना ऐकू येईल. हे ऐकून बुवांच्या गळ्याबद्दल मत बनवणं हा बुवांवर अन्याय आहे. एच-५ वर पातळी आपण ठरवायची. हे यंत्र घ्यायचं ते हातानं गेन लावण्यासाठीच.

आता गेन. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

यंत्राच्या कडेला आवाज कमी-जास्त करायचं एक बटण आहे, ते फक्त हेडफोनसाठी. ते कितीही वाढवलं तरी रेकॉर्डिंगमध्ये तसूभर फरक पडत नाही. गेन म्हणजे माइककडून येणारा बारीकसा विद्युत प्रवाह यंत्रात शिरतानाच किती वाढवायचा ते ठरवणारी चकती. कालव्यावरचं दार जितकं उघडाल तितकं पाणी चारीत येणार, आणि चारी एकदा फुटली की पुढं शेतात कितीही धावपळ केली तरी गेलेलं पाणी परत येत नाही. पडद्यावरच्या मीटरला ० ही शेवटची हद्द असते, त्यावर जागाच नाही. आवाज ० च्या वर जाऊ पाहतो तेव्हा लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. त्यालाच क्लिपिंग म्हणतात, आपले साउंडवाले ‘आवाज फाटला’ म्हणतात. फाटलेलं नंतर कॉम्प्युटरवर थोडंफार सावरता येतं, पण टाळांची मूळ खणखण परत मिळत नाही.

म्हणून मी मीटर उणे १२ डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप) आसपास राहील असा गेन लावतो, तोही मांडव शांत असताना नाही. भजनी मंडळाला सांगतो, ‘माउली, एक पावली घ्या, जोरात.’ ते पूर्ण रंगात आले की तिथं चकती ठरवतो. कीर्तनकार सुरुवातीला हळू बोलतात म्हणून गेन वाढवून ठेवला, तर ‘पुंडलिक वरदे हारी विठ्ठल’ला सगळा मांडव उठतो आणि मीटर लाल होतं. कीर्तन हा प्रकारच असा की त्यात कुजबुजीपासून गजरापर्यंत सगळं एकाच तासात येतं.

इथंच एच-५ चं सगळ्यात मोलाचं काम दिसतं. मेनूमध्ये बॅकअप रेकॉर्डिंग नावाची सोय आहे. ती चालू केली की वरच्या माइकचा आवाज दोनदा लिहिला जातो, एकदा तुम्ही लावलेल्या गेनवर आणि एकदा १२ डेसिबल खाली. १२ डेसिबल खाली म्हणजे लाटेची उंची साधारण पाव. काल्याच्या दिवशी हंडी फुटते त्या क्षणी मृदंग, टाळ, शिट्ट्या, पोरांचा ओरडा, सगळं एकदम आदळतं. अशा ठिकाणी मूळ फाइलमध्ये लाटेचं डोकं कापलेलं असलं तरी शेजारच्या बॅकअप फाइलमध्ये तोच क्षण अख्खा असतो. कॉम्प्युटरवर तेवढा तुकडा उचलायचा, १२ डेसिबल वाढवायचा आणि मूळ जागी बसवायचा. सांधा ऐकू येत नाही. ज्या बुवांचं कीर्तन पुन्हा तसं होणार नाही, त्यांच्यासाठी ही सोय सोन्याची आहे.

याच्या जोडीला लिमिटर असतो. तो आवाज हद्दीपाशी आला की दाबून धरतो. कॉम्प्रेसर त्याच घरातला, पण तो आधीपासूनच मोठे आवाज थोडे थोडे खाली आणत राहतो. नुसतं प्रवचन असेल तर लिमिटर जरूर लावा. मृदंगाला मात्र मी लावत नाही. मृदंगाच्या उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर बोट पडतं तेव्हा पहिल्या क्षणात जी टणक धार निघते, तीच लिमिटर बोथट करतो. बोल ओळखू येतात, पण हात कुणाचा आहे ते ओळखू येत नाही. मला तो हात ऐकू यायला हवा असतो.

डोक्यावरच्या दोन माइकांकडे वळू. ते एकमेकांना ९० अंशात छेदतील असे बसवलेले आहेत, त्याला एक्स-वाय रचना म्हणतात. डावा माइक उजवीकडचं ऐकतो, उजवा डावीकडचं, आणि दोघांची तोंडं जवळपास एकाच जागी असल्यानं आवाज दोघांपर्यंत एकाच वेळी पोचतो. वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात, मध्ये मृदंग आणि वीणा. एका रांगेनं चरण धरला की दुसरी तो उचलते. हेडफोन लावून ऐका, चरण डाव्या कानातून उजव्या कानात जाताना स्पष्ट कळतो. आणि दोन्ही माइकांत वेळेचा फरक नसल्यामुळे हेच रेकॉर्डिंग मंदिरावरच्या एकुलत्या एका कर्ण्यातून वाजवलं तरी पोकळ होत नाही. दोन माइक लांब लांब ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगचं एका स्पीकरवर तसं होऊ शकतं, कारण उशिरा पोचलेली लाट आधीच्या लाटेला काही जागी खाऊन टाकते. आमच्याकडं बहुतेक लोक अजून एका स्पीकरवरच ऐकतात, तेव्हा ही बाब छोटी नाही.

हे माइक १४० डेसिबलपर्यंतचा आवाज सोसतात असं कंपनी सांगते (हे हवेतल्या आवाजाचं माप, मीटरवरचं नव्हे). टाळ कानाशी वाजला तरी माइक स्वतः फाटत नाही, हा त्याचा अर्थ. त्यांना रबरी आधारावर तरंगतं बसवलंय, म्हणून हाताची खरखर कमी येते, तरी हातात धरून रेकॉर्ड करू नका. खाली तिवई लावायचा आटा आहे. मी कॅमेऱ्याची साधी तिवई माणसाच्या छातीइतकी उंच करून दोन रांगांच्या तोंडाशी उभी करतो, मृदंगापासून दोन-तीन हात बाजूला.

आता खालची दोन भोकं. यांत कॅनन पिनही बसते आणि पी-थर्टीएट, म्हणजे गिटारला लागते ती जाड पाव इंची पिनही. कॅनन म्हणजे तीन काड्यांची एक्सएलआर. तिच्यातून येणारी लाइन बॅलन्स्ड असते. एकच आवाज दोन तारांतून जातो, दुसरीत उलटा करून, आणि तिसरी तार जाळीची. वाटेत जनरेटरची, ट्यूबलाइटची घूं दोन्ही तारांत सारखीच शिरते. यंत्रात शिरताना उलटा केलेला आवाज सुलटा होतो, त्यात ती घूं एकमेकींना खाऊन नाहीशी होते. म्हणून मांडवभर लांबलेली तार कॅननचीच घ्यावी. साध्या आरसीएच्या (जुन्या टीव्ही-डीव्हीडीला असते त्या लाल-पांढऱ्या पिनेच्या) तारेला हे संरक्षण नाही, ती दोन-चार हातांपेक्षा लांब नेऊ नये.

माझ्या रेकॉर्डिंगचा जीव मिक्सरच्या आउटमध्ये आहे. कीर्तनकारांच्या तोंडाशी माइक असतोच, तो साउंडवाल्याच्या मिक्सरला जातो. मिक्सरच्या मागं रेक आउट, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देणारं भोक असतं. तिथून आरसीए ते पी-थर्टीएट अशी तार माझ्या यंत्रात आली की बुवांचा शब्दन् शब्द जवळून मिळतो, आणि वरच्या माइकांवर टाळ, मृदंग, माणसं, मांडव. दोन्ही वेगळे ट्रॅक. घरी बसून कुणाला किती पुढं आणायचं ते आपण ठरवायचं. एकट्या मिक्सरच्या आउटवर विसंबून रेकॉर्ड केलेली कीर्तनं मी ऐकली आहेत. टाळांना माइक नसतो, त्यामुळे बुवा बंद खोलीत एकटे गात आहेत असं वाटतं.

साउंडवाल्याची मात्र समजूत काढावी लागते. त्याचं म्हणणं रास्त असतं. ‘माउली, आउट देतो, पण माझी लाइन घूं करायला लागली तर काढून टाकीन बघा,’ असं आमच्याकडचे एक अण्णा दरवेळी सांगतात. मी त्यांना यंत्रातले सेल दाखवतो. रेकॉर्डर सेलवर चालत असेल तर त्याचा मेन लाइनशी संबंधच येत नाही, मग दोन अर्थिंगच्या फेऱ्यात येणारी ती ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनांची) घूं यायला वाटच राहत नाही. लॅपटॉप चार्जरला लावून त्यात रेकॉर्ड करणाऱ्यांना हा त्रास फार होतो. आणखी एक विनंती मी हात जोडून करतो. इको बाहेरच्या स्पीकरला हवा तेवढा द्या, पण मला जाणाऱ्या लाइनला देऊ नका. रेकॉर्डिंगमध्ये इको नंतर घालता येतो, आत शिरलेला काढता येत नाही. काही मिक्सरमध्ये हे वेगळं करता येतं, काहींत नाही.

मिक्सरचा आउट जोडताना पॅड हा शब्द उपयोगी पडतो. माइकमधून निघणारा विद्युत प्रवाह फार बारीक असतो. शुअर कंपनीचा एसएम-५८ हा १९६६ पासूनचा माइक घ्या, जो आपल्याकडं खरा-खोटा सगळीकडं दिसतो. त्याच्या तोंडाशी ९४ डेसिबलचा आवाज असला तरी तारेतून जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट निघतात. मिक्सरच्या आउटमधून येतात ते त्याच्या शंभरपटीहून जास्त. पहिल्याला माइक लेव्हल म्हणतात, दुसऱ्याला लाइन लेव्हल. लाइन लेव्हल तशीच घेतली तर गेन अगदी खाली नेला तरी आवाज फाटलेला येतो. पॅडचं बटण ती २० डेसिबल खाली आणतं, म्हणजे दहावा हिस्सा करतं. मिक्सर जोडला की पॅड चालू, माइक जोडला की पॅड बंद, एवढं बोटांना सवयीचं करून घ्या.

फँटमबद्दलही लोक घाबरत विचारतात. माइक दोन जातींचे. डायनॅमिकमध्ये पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी लोहचुंबकात हलते आणि वीज आपोआप तयार होते, बाहेरून काही द्यावं लागत नाही. एसएम-५८ तसला. कंडेन्सरमध्ये पातळ पडदा आणि पत्रा समोरासमोर असतात, त्याला बाहेरून वीज लागते. ती माइकच्याच तारेतून उलट्या दिशेनं पाठवतात, तीच फँटम पॉवर, नेहमीची ४८ व्होल्ट. एच-५ मध्ये १२, २४ आणि ४८ असे तिन्ही पर्याय आहेत. कॅनन तार नीट असेल तर डायनॅमिक माइकला फँटमनं काही होत नाही. पण मिक्सरचा आउट जोडलेला असताना फँटम चालू ठेवू नका, तो प्रवाह जिथं जाऊ नये तिथं जाऊ शकतो. शिवाय फँटम सेल भराभर पितो. कंपनी साध्या रेकॉर्डिंगला अल्कलाइन सेलवर १५ तासांच्या आसपास सांगते, फँटम लावल्यावर तो हिशेब विसरा. मी चार्ज होणारे सेल वापरतो आणि मेनूमध्ये सेलची जात बदलून ठेवतो, नाहीतर बॅटरीचा आकडा चुकीचा दिसतो.

चार ट्रॅक एकत्र करताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बुवांपासून आणि स्पीकरपासून माझं यंत्र दहा मीटरवर असेल तर तारेतून आलेला त्यांचा आवाज आधी पोचतो आणि हवेतला तोच आवाज ३० मिलिसेकंद मागून. दोन्ही तसेच मिसळले की शब्दाला सावली पडल्यागत होतं. उपाय सोपा आहे. कीर्तनाआधी बुवांच्या माइकसमोर एक टाळी वाजवून घ्यायची, कॉम्प्युटरवर दोन्ही ट्रॅकमध्ये त्या टाळीचं टोक शोधायचं आणि तारेचा ट्रॅक तेवढा मागं सरकवायचा. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे.

आता आकडे. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदात किती वेळा आवाज मोजला जातो. सीडीला ४४,१०० वेळा, व्हिडिओला ४८,००० वेळा हा रिवाज. माणसाचा कान २०,००० हर्ट्झच्या वर ऐकत नाही, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून थोडी जास्त असली की भागतं. एच-५ स्टिरिओला ९६,००० पर्यंत जातो, पण कीर्तनाला त्याची गरज नाही. नुसतं कार्ड भरतं. बिट डेप्थ मात्र २४ च ठेवा. १६ बिटला सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटला कागदावर १४४. एवढी मोकळी जागा असल्यामुळेच मीटर उणे १२ वर ठेवून निर्धास्त राहता येतं. फॉरमॅट वॅव्ह. एमपी-३ चा पर्याय आहे, पण ती फाइल आवाजातलं काही कायमचं फेकून लहान झालेली असते. व्हॉट्सअॅपवर पाठवायला नंतर बनवा.

२४ बिट, ४८,००० ला दोन ट्रॅकचा तास म्हणजे साधारण एक जीबी. चार ट्रॅक आणि बॅकअप धरला तर तीन जीबी. एच-५ ला ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं, म्हणजे सगळं चालू ठेवून दहा तासांच्या आसपास. फाइल दोन जीबीची झाली की यंत्र आपोआप नवी फाइल सुरू करतं, तेव्हा लांबलेल्या कीर्तनाचे दोन तुकडे दिसले तर दचकू नका. कार्डाच्या बाबतीत एक ताकीद देतो. मला एका विक्रेत्याकडून ३२ जीबीचा छाप असलेलं कार्ड आलं, प्रत्यक्षात मावत होतं बरंच कमी. नवं कार्ड कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत भरून बघा, मग यंत्रातच फॉरमॅट करा, आणि त्यानंतरच सप्ताहात न्या.

लो-कट म्हणजे ठराविक हद्दीखालचे जाड आवाज गाळणारी चाळणी, यात ती ८० हर्ट्झपासून सुरू होते. पंखा, जनरेटर, व्यासपीठावरची पावलं, वारा, हे सगळं त्या खालच्या भागात असतं. बोलण्याला लो-कट बिनधास्त लावा. पण मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो घुमारा आणलेला असतो, तोही तिथंच राहतो. भजनाच्या ट्रॅकला लो-कट लावणं मला पटत नाही. मिक्सरच्या ट्रॅकला लावतो, वरच्या माइकांना नाही. वाऱ्यासाठी यंत्रासोबत स्पंजची टोपी मिळते, ती मांडवात पुरते. उघड्यावर, काकड्याला नदीकडून झुळूक येते तिथं केसाळ टोपीच लागते, ती वेगळी विकत घ्या.

सप्ताहाबाहेर मी हे यंत्र दोन ठिकाणी वापरलं. एक गोंधळाला. संबळ आणि तुणतुणं यांची जोडी अवघड आहे. संबळ कडाडतो, तुणतुणं बारीक, आणि दोन्ही एकाच अंगणात. इथं मिक्सर वगैरे काही नसतं, फक्त वरचे माइक आणि बॅकअप. यंत्र तुणतुण्याच्या बाजूनं जवळ ठेवलं की तोल साधतो. १४० डेसिबलची क्षमता इथं खरी कामाला येते.

दुसरं, ओव्या. आमच्या नात्यातल्या एक आजी अजून जात्यावर बसल्या की जनाबाईपासून माहेरच्या वाटेपर्यंत सलग गातात. मी विचारलं, ‘आजी, हे मशीन जरा जवळ ठिवू का?’ म्हणाल्या, ‘ठिव की लेकरा, पण मधी बोलू नगंस.’ जात्याची घरघर आणि आजींचा खालच्या पट्टीतला थकलेला आवाज, दोन्ही हवेत. एवढ्या हळू आवाजाला लांबून गेन वाढवला की माइकची आणि आतल्या सर्किटची स्वतःची सूं वर येते. हातात मावणाऱ्या कुठल्याही रेकॉर्डरचा हा धर्मच आहे. उपाय एकच, अंतर कमी करा. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, तेही सूं न वाढता. यंत्र आजींच्या खांद्याच्या उंचीवर, जात्याच्या उलट्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवलं. श्वास, बांगड्या, पाळूचा खुंटा फिरताना होणारी कुरकुर, सगळं आलं. यंत्राला दोन सेकंद आधीचं रेकॉर्ड करून ठेवायची सोय आहे, बटण दाबण्याआधीचे दोन सेकंदही फाइलमध्ये येतात. आजी ‘सुरू करते’ असं सांगत नाहीत, त्यामुळे पहिल्या ओवीचा पहिला शब्द या सोयीमुळेच मिळाला.

उणिवाही सांगायला हव्यात. कार्डाची ३२ जीबीची मर्यादा जुनी वाटते. यूएसबीचं भोक जुन्या मिनी जातीचं आहे, मोबाइलची तार त्यात बसत नाही, तेव्हा पिशवीत त्याची वेगळी तार ठेवा. यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडून थेट माइक म्हणून वापरता येतो, ते चांगलं आहे. पडदा छोटा असल्यामुळे वयस्क डोळ्यांना मेनू वाचायला त्रास होतो. गेनच्या चकत्यांपुढं एक आडवी दांडी आहे, धक्का लागून चकती फिरू नये म्हणून. मांडवात पोरं इकडून तिकडं पळत असतात, तिथं ही साधी दांडी मला फार आवडते.

२०२४ साली याच कंपनीनं इसेन्शियल मालिका आणली, एच-१, एच-४ आणि एच-६. त्यांत ३२ बिट फ्लोट आहे. आत दोन मोजणारी सर्किटं असतात, एक बारीक आवाजासाठी, एक मोठ्यासाठी, त्यामुळे गेन लावायची गरजच उरत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये फाटलेलं वाटलं तरी नंतर खाली आणता येतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्या, एकट्यानं सगळं सांभाळणाऱ्या माणसाला मी आज तेच घ्यायला सांगेन. माझ्यासारखा जो स्वतः वाजवत बसलेला असतो आणि मीटरकडं बघू शकत नाही, त्याच्यासाठीही ते सोयीचं आहे. पण एक लक्षात असू द्या. माइक टाळाला चिकटवला आणि माइकचाच पडदा फाटेपर्यंत आवाज गेला, तर ३२ बिटही त्याला वाचवू शकत नाही. आणि माइक लांब ठेवला तर मांडवाचा गोंगाट ते काढून देत नाही.

मग एच-५ कुणी घ्यावा? ज्या भजनी मंडळाकडं मिक्सरचा आउट मिळण्यासारखा साउंडवाला आहे, दोन रांगांचं भजन आहे, आणि गेन लावायला एक माणूस मोकळा आहे, त्यांनी डोळे झाकून घ्यावा. वापरलेला, नीट स्थितीतला मिळाला तरी चालेल. घेताना दोन्ही कॅनन भोकांत माइक लावून बघा, चकत्या फिरवताना खरखर येते का ते हेडफोनवर ऐका, आणि वरचे माइक काढून परत बसवून बघा, कारण ते सुटे होतात आणि तिथले संपर्क झिजलेले असू शकतात. नुसतं प्रवचन किंवा शाळेतलं भाषण रेकॉर्ड करायचं असेल तर एवढ्या मोठ्या यंत्राची गरज नाही, छोटा एच-१ जातीचा रेकॉर्डर बुवांच्या जवळ ठेवला तरी काम होतं.

किंमत दुकानागणिक बदलते म्हणून आकडा देत नाही, पण पक्कं बिल आणि वॉरंटी असल्याशिवाय घेऊ नका. आणि बजेट ठरवताना त्यात तिवई, केसाळ टोपी, दोन चांगल्या कॅनन तारा, आरसीए ते पी-थर्टीएट तार, चार्ज होणारे चार सेल आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन धरा. हेडफोनवर काटकसर करू नका. मांडवात स्पीकरचा आवाज एवढा असतो की कान झाकला नाही तर यंत्रात काय जातंय ते कळतच नाही.